परतीचं पाणी

थंड देशातल्या घरात ऐन हिवाळ्यात एखादी खोली तापेनाशी झाली, की आधी बॉयलरचं तापमान वाढवलं जातं. त्यानं भागलं नाही तर पंपाचा वेग वाढवतात. तरीही खोली गारच राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात जुना बॉयलर काढून मोठा बसवतात, आणि डिसेंबर उजाडला की तीच खोली पुन्हा गार पडते. हे पुस्तक त्या खोलीसाठी लिहिलं आहे. तिच्यापर्यंत पाणी पोचत नसेल, किंवा पोचूनही त्याची उष्णता खोलीला मिळत नसेल, किंवा मिळालेली उष्णता भिंती-खिडक्यांतून त्याहून वेगानं निसटत असेल. यातल्या एकाही कारणाचा बॉयलरच्या आकाराशी संबंध नाही. नेमकं कुठलं कारण आहे, हे बहुतेक वेळा एकाच पाइपाला हात लावून कळतं. तो पाइप म्हणजे रेडिएटरमधून परत निघणारा.

व्यवस्था तशी साधी आहे. बॉयलरमध्ये किंवा हीट पंपात पाणी तापतं, पंप ते खोल्याखोल्यांत पाठवतो, तिथे रेडिएटर किंवा जमिनीखालच्या नळ्या त्यातली उष्णता खोलीला देतात, आणि निवलेलं पाणी पुन्हा तापायला माघारी येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं बंद वर्तुळात फिरत राहतं. या कामाला पाणीच का निवडलं, याचं उत्तर आकड्यांत आहे. एक घनमीटर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४,१८० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच हवेला जेमतेम १.२. दहा किलोवॉट उष्णता हवेतून न्यायची तर फूटभर रुंद आणि फूटभर उंच डक्ट घरातून फिरवावा लागतो. पाण्याला २२ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप पुरतो, आणि तो भिंतीच्या कडेनं कुणाच्या लक्षातही न येता निघून जातो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा विषय परका वाटणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे घर गार कसं ठेवायचं ही चिंता असते. पण मराठी माणसं आता ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग अशा ठिकाणी राहतात, तिथली घरं विकत घेतात, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांची या यंत्रणेशी गाठ पडते. दुसरीकडे, पुण्या-मुंबईतल्या अभियांत्रिकी कचेऱ्यांमध्ये बसून परदेशातल्या इमारतींचे आराखडे काढणारी तरुण मुलं-मुली आहेत. ज्या थंडीसाठी त्यांनी पाइपांची मापं ठरवायची, ती थंडी त्यांनी कधी अंगावर घेतलेली नसते. सॉफ्टवेअर उत्तर देतं, ते उत्तर बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं, हा त्यांचा प्रश्न. या दोघांनाही मराठीत नीट सांगणारं काही हाताशी असावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आपल्याकडच्या अभियंत्याला या विषयात पहिला अडथळा येतो तो त्याच्या अनुभवामुळेच. पंप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विहीर, बोअरवेल किंवा गच्चीवरची टाकी येते. किती फुटांवरून पाणी उचलायचं यावर पंपाचं हेड ठरतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. बंद वर्तुळात हा हिशेब लागू पडत नाही. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं. उतरणाऱ्या स्तंभाचं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं. पंपाला फक्त पाइप, वळणं, व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांच्यातलं घर्षण जिंकायचं असतं. दहा मजली इमारतीतल्या अशा वर्तुळाला पाचसहा मीटर हेडचा पंप पुरू शकतो. उंचीचा हिशेब मात्र दुसरीकडे द्यावाच लागतो, तो भरणीच्या दाबात: वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमध्येही दाब वातावरणापेक्षा जास्त राहील एवढं पाणी आधीच कोंबून ठेवायला हवं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. हेड आणि भरणीचा दाब या दोन गोष्टी मनात वेगळ्या झाल्या, की निम्मा विषय सोपा होतो. म्हणून त्या वेगळ्या करण्यासाठी मी या पुस्तकात पानं खर्च करायला मागेपुढे पाहिलेलं नाही.

पंप येण्याआधी जवळजवळ दोन शतकं हे पाणी कुणी न ढकलता फिरत होतं. मॉर्टेन त्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्यानं १७१६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाडांचं काचघर गरम पाण्यानं तापवलं. १७७७ मध्ये फ्रान्समध्ये बोनमँ यानं कोंबडीची अंडी उबवण्यासाठी गरम पाण्याची व्यवस्था केली. १८३१ मध्ये अँजिअर मार्च पर्किन्स यानं लंडनमध्ये जाड भिंतीच्या बारीक लोखंडी नळ्यांतून उच्च दाबाचं पाणी फिरवण्याचं पेटंट घेतलं. या सगळ्यांच्या मागे बळ एकच होतं, गरम पाणी हलकं असतं. ८० अंशाच्या पाण्याचं वजन घनमीटरला ९७१.८ किलो, ६० अंशाच्या पाण्याचं ९८३.२. पाच मीटर उंचीच्या दोन स्तंभांत या फरकातून मिळणारा दाब किती? सत्तावन्न मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. आजचा घरगुती पंप याच्या ऐंशी-नव्वद पट दाब सहज देतो. एवढ्याशा बळावर तीन मजली वाडे तापवणाऱ्या त्या जुन्या कारागिरांना प्रत्येक वळणाचा विचार करावा लागे. पाइप जाड, उतार काटेकोर, कुठे हवा अडणार नाही याची दक्षता. पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवरचे सोलर हीटर आजही याच बळावर चालतात. टाकी पॅनेलच्या वर ठेवतात ती त्यासाठीच.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यानं पाइपाच्या वळणातच बसणारा विजेवरचा फिरता पंप बाजारात आणला. त्यानंतर पाइप बारीक झाले, बांधकाम स्वस्त झालं, घराच्या कुठल्याही कोपऱ्यात रेडिएटर लावता येऊ लागला. हे फार मोठं काम झालं याबद्दल वाद नाही. पण माझं मत असं आहे की त्याच क्षणी विचार करण्याची सक्तीही गेली. गुरुत्वावरची व्यवस्था चुकीची आखली तर ती चालतच नसे. पंपाची व्यवस्था चुकीची आखली तरी चालते, फक्त वाईट चालते. ती आवाज करते, हवा ओढते, एक खोली भाजते आणि दुसरी गोठवते, आणि हे सगळं करत तीसतीस वर्षं टिकते.

पंप वर्तुळात कुठे बसवायचा, हे अशा वाईट चालण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. पाणी तापलं की फुगतं. दहा अंशांवरून ऐंशी अंशांवर गेलं तर सुमारे तीन टक्क्यांनी. घरातल्या दीडशे लिटर पाण्याला चारपाच लिटर जास्तीची जागा लागते, ती देण्यासाठी प्रसरण टाकी असते. तिच्यात एका रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा असते. पंप चालू झाला तरी या टाकीतलं पाणी वाढत नाही की घटत नाही; म्हणून ती जिथे जोडलेली असते तिथला दाब पंपामुळे बदलत नाही. अमेरिकेत बेल अँड गॉसेट कंपनीतल्या गिल कार्लसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हा मुद्दा अभियंत्यांना पुन्हापुन्हा समजावून सांगितला. या क्षेत्रावर त्यांचे मोठे उपकार आहेत.

आता एक घर घ्या. तळमजल्यावर टाकीपाशी दाब एक बार. सर्वांत वरचा रेडिएटर सहा मीटर उंचीवर, म्हणजे तिथे उरतो ०.४ बार. पंपाचं हेड पाच मीटर, म्हणजे सुमारे अर्धा बार, आणि तो परतीच्या पाइपावर, टाकीच्या दिशेनं पाणी ढकलत बसवलेला. टाकीपाशी दाब एक बारच राहणार. त्यामुळे पंपाचा सगळा अर्धा बार त्याच्या शोषणाच्या बाजूनं वजा होतो. वरच्या मजल्याच्या परतीच्या पाइपात ०.४ मधून ०.५ गेले, उरले उणे ०.१. तिथे एखादं आपोआप हवा सोडणारं व्हेंट असेल, तर ते आता हवा आत घेतं. घरमालक पंप बंद असताना किल्लीनं रेडिएटरची हवा काढतो, फुस्स आवाज येतो, पाणी लागतं, तो निश्चिंत होतो. आठवड्यानं पुन्हा हवा. दोन पंप बदलले जातात, कधी बॉयलरही. खरं काम मात्र एवढंच असतं, की पंप टाकीच्या पुढे, तिच्यापासून दूर ढकलेल असा बसवायचा. तसा बसवला की तोच अर्धा बार वजा होण्याऐवजी बेरजेत येतो आणि हवा आपसूक बाहेर पडते. बिघाड वरच्या मजल्यावर दिसतो आणि कारण तळमजल्यावर असतं. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं या एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं सांगतात.

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत माळ्यावर एक उघडी टाकी असते, आणि तिथे हाच दोष निराळा वेश घेतो. उघड्या टोकाचा व्हेंट पाइप, टाकीतून येणारा थंड पाण्याचा पाइप आणि पंप या तिघांचा क्रम चुकला, की गरम पाणी व्हेंटमधून टाकीत सांडत राहतं, ताजा ऑक्सिजन घेऊन खाली येतं आणि पोलादी रेडिएटर आतून खात सुटतं. लोखंडाचा तो काळा गाळ थंड पाण्याच्या जोडणीपाशी साचतो आणि शेवटी पाइप बुजवतो. तिथला जुना कारागीर अशा वेळी खिशातून लोहचुंबक काढून तांब्याच्या पाइपाला लावून बघतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर आत गाळ आहे. एवढी स्वस्त आणि एवढी निर्णायक चाचणी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

पाण्याच्या गुणवत्तेचं प्रकरण मुद्दाम मोठं ठेवलं आहे. बंद वर्तुळात एकदा भरलेलं पाणी आपल्यातला ऑक्सिजन लवकरच वापरून टाकतं आणि मग निरुपद्रवी होतं. दुखणं सुरू होतं ते ताज्या पाण्यानं. परदेशातल्या आपल्या माणसांचे फोन येतात, “काका, बॉयलरचं प्रेशर शून्यावर आलंय, नळी उघडून भरलं, चालू झालं.” भरलं हे ठीक, पण दर आठवड्याला भरावं लागत असेल तर दर आठवड्याला नवा ऑक्सिजन आणि नवा चुना आत जातो आहे. अशा वेळी गळती शोधण्याआधी गेजवरचे दोन आकडे लिहून घ्यायला मी सांगतो. पाणी गार असताना एक, पूर्ण तापल्यावर एक. गार असताना एक बार आणि तापल्यावर तीनच्या जवळ, असं असेल तर प्रसरण टाकीतली हवा गेलेली आहे. फुगलेल्या पाण्याला जागा मिळत नाही, तीन बारचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, भिंतीबाहेरच्या नळीतून लिटरभर पाणी कुणी न पाहता निघून जातं, आणि सकाळी गार झाल्यावर काटा शून्यावर दिसतो. घरात कुठेही ओल नसते. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची टाचणी दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं, तर पडदा फाटला आहे. हे निदान करायला दहा मिनिटं लागतात, आणि त्यानं कित्येक फरश्या उखडायच्या वाचतात.

जमिनीखालच्या तापवणीची हकिगत तर या दृष्टीनं एखाद्या धड्यासारखी आहे. कोरियातल्या, जमीन तापवण्याच्या ओन्डोल पद्धतीची ऊब वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी टोकियोत अनुभवली आणि १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या जेकब्स घराच्या काँक्रीटखाली पाइप टाकले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये हजारो घरांच्या जमिनीत तांब्याच्या नळ्या गाडल्या गेल्या. पुढे त्या गळू लागल्या आणि अनेक मालकांनी त्या तशाच सोडून भिंतीकडेला नवे हीटर लावले. १९६८ मध्ये जर्मनीत टोमास एंगेल यांनी पॉलिथिलीनचे रेणू एकमेकांत गुंफून उष्णता सोसणारी लवचीक नळी बनवण्याचा मार्ग काढला. आता शेकडो मीटर नळी एकाही सांध्याशिवाय जमिनीत घालता येऊ लागली. गळती संपली. पण काही वर्षांतच लोखंडी बॉयलर, पंप आणि रेडिएटर गंजून गाळानं भरू लागले, कारण त्या नळीच्या भिंतीतून ऑक्सिजन आत झिरपत होता. नळी स्वतः ठणठणीत. रोग तिच्यामुळे, आणि लक्षणं दूरच्या लोखंडात. म्हणून नळीवर ऑक्सिजन अडवणारा थर आला आणि ४० अंशांना दिवसाला घनमीटरमागे ०.१ ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन शिरू नये अशी मर्यादा जर्मन मानकात, डिन ४७२६ मध्ये, घातली गेली. नळी मागवताना हा थर आहे का हे विचारायला विसरणारे अजूनही भेटतात, म्हणून हे एवढ्या विस्तारानं सांगितलं.

आता पंपाचा वेग वाढवण्याच्या मोहाबद्दल. पाणी दुप्पट वाहिलं तर उष्णता दुप्पट मिळेल, ही समजूत इतकी सहज वाटते की तिच्यावर कुणी शंका घेत नाही. हिशेब करून पाहू. खोली २० अंश, रेडिएटरमध्ये पाणी ८० अंशांनी शिरतं आणि ६० अंशांनी निघतं, अशी आखणी आहे. प्रवाह निम्मा केला तर उष्णता निम्मी होत नाही. परतीचं पाणी जास्त निवतं आणि सुमारे ८३ टक्के उष्णता मिळत राहते. प्रवाह दुप्पट केला तर मिळतात जेमतेम अकरा-बारा टक्के जास्त. तेवढ्यासाठी घर्षण जवळजवळ चौपट होतं आणि पंपाची वीज आठपटीच्या घरात जाते. वर पाण्याचा आवाज येतो तो वेगळाच. याचा सरळ अर्थ असा, की ज्या रेडिएटरमधून आधीच पुरेसं पाणी वाहतं आहे त्याला आणखी पाणी देणं वाया आहे, आणि ज्याला अगदीच कमी मिळतं आहे त्याला थोडंसं वाढवून दिलं तरी तो जिवंत होतो.

इथूनच संतुलनाकडे वळता येतं. आपल्या सोसायट्यांमध्ये सकाळी खालच्या मजल्यांवर नळ सुटले की वरच्या मजल्याची धार बारीक होते. रेडिएटरांचंही तसंच आहे. बॉयलरजवळचे रेडिएटर पाणी लुटतात, टोकाचे उपाशी राहतात. यावर पंप मोठा करणं म्हणजे लुटणाऱ्यांना जास्त देणं. उपाय उलटा आहे: जवळच्यांचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह आवळायचे. प्रत्येक रेडिएटरच्या एका बाजूला झाकणाखाली हा व्हॉल्व्ह असतो, आणि कित्येक घरांत तो बसवल्यापासून पूर्ण उघडाच राहिलेला असतो. मोठ्या इमारतीत वर्तुळ अशा तऱ्हेनं काढता येतं की पहिल्यांदा पाणी मिळणाऱ्याचं पाणी सर्वांत शेवटी परत निघावं. त्याला तिशेलमान पद्धत म्हणतात. तिच्यात पाइप जास्त जातो, पण प्रत्येक वाटेची लांबी सारखी झाल्यानं भांडण मुळातच कमी होतं. घरगुती कामात मात्र एक थर्मामीटर, एक पाना आणि एका दुपारचा धीर पुरतो. दर रेडिएटरचा परतीचा पाइप मोजत जायचं, जो जास्त गरम तो थोडा आवळायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. हे काम कुणी करत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि त्याच्या अभावी विकल्या गेलेल्या बॉयलरांचे मिळतात. मला याचा राग येतो आणि तो या पुस्तकात कुठेकुठे दिसेल.

परतीच्या पाण्याचं महत्त्व गेल्या वीस वर्षांत आणखी वाढलं आहे. नैसर्गिक वायू जळताना वाफ तयार होते. ती धुराड्यातून निघून गेली तर तिच्यात साठलेली उष्णताही जाते. कंडेन्सिंग बॉयलर ती वाफ पुन्हा पाण्यात उतरवून उष्णता वसूल करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून गॅसवरचे नवे बॉयलर बहुतांशी याच जातीचे बसवणं बंधनकारक झालं. पण वाफेचं पाणी व्हायला परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं, आणि जितकं खाली तितकं चांगलं. ८०-६० वर चालणाऱ्या घरात महागडा कंडेन्सिंग बॉयलर जुन्या बॉयलरसारखाच धूर सोडतो. त्याउलट जुन्या लोखंडी बॉयलरला परतीचं पाणी फार गार मिळालं तर त्याच्याच पोटात आम्लयुक्त पाणी सुटतं आणि तो झिजतो. एकाला जे अमृत ते दुसऱ्याला विष. म्हणून नवा आणि जुना एकाच नियमानं चालवता येत नाही.

हीट पंप त्याच्याही पुढे जातो. त्याला ३५ ते ४५ अंशांचं पाणी द्यायला आवडतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात साधारण पाच अंशांचाच फरक ठेवावा लागतो. दहा किलोवॉटसाठी वीस अंशांच्या फरकाला तासाला ४३० लिटर पाणी पुरत होतं. पाच अंशांना १,७२० लागतं. पाइप तेच, पाणी चौपट, घर्षण दहा पटींहून जास्त. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात आठ-दहा मिलिमीटरच्या नळ्या घालून बांधलेली घरं आहेत, त्यांना हा हिशेब जड जातो. रेडिएटरचंही तेच. त्याच्या पाटीवरची क्षमता पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून लिहिलेली असते. फरक ३० वर आला की ती जवळपास निम्मी उरते. इंग्लंडच्या इमारत नियमांनी २०२२ पासून नव्या व्यवस्थांची आखणी जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर करायला सांगितली, ती हे ओळखूनच. हीट पंप लावून घर गार राहिलं अशा तक्रारी ऐकू येतात तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. पाइप, रेडिएटर आणि भिंती यांचा हिशेब न करता ते बसवलेलं असतं.

हिशेबाची सुरुवात भिंतींपासूनच व्हायला हवी. खोलीतून किती उष्णता जाते, हे क्षेत्रफळ, भिंतीची गळण आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक यांच्या गुणाकारावर ठरतं, वर फटींतून शिरणाऱ्या थंड हवेचा वाटा. कंटाळवाणं काम आहे. म्हणून लोक जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा बघतात, त्यात वीस टक्के घालतात, आणि ज्यानं तो जुना बसवला त्यानंही तसंच केलेलं असतं. मोठा बॉयलर चालू होतो, दोन मिनिटांत पाणी तापवतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. ज्या कडाक्यासाठी त्याचा आकार धरला ती थंडी वर्षात मोजके तास असते. उरलेला हिवाळा तो असाच अडखळत काढतो. बाहेरचं तापमान मोजून त्याप्रमाणे पाण्याचं तापमान कमीजास्त करणारा नियंत्रक स्वस्त आहे, त्यावर एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, आणि ते वगळून पुढे जाऊ नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आखणी आणि दुरुस्ती या दोन विद्या वेगळ्या मानण्याचा प्रघात आहे. पुस्तकंही वेगळी निघतात. मी त्या एकत्र बांधल्या, कारण कागदावर ज्या क्रमानं विचार करायचा तोच क्रम उलटा चालवला की बिघाड सापडतो. आखताना उष्णतेवरून रेडिएटर, रेडिएटरवरून प्रवाह, प्रवाहावरून पाइप, पाइपांवरून पंप. शोधताना पंपापासून मागे. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर हवा. वरून गरम आणि खाली मधोमध गार असेल तर गाळ. सगळाच कोमट आणि परतीचा पाइप थंडगार असेल तर प्रवाह अपुरा. परतीचा पाइप येणाऱ्या पाइपाइतकाच गरम असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त, आणि ते कुणाच्या तरी वाट्याचं घेतलेलं. सुटे भाग बदलण्याआधी हे चार स्पर्श करावेत. हातमोजे घालून, ८० अंशांचा पाइप हात भाजतो.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. वाफेवरच्या जुन्या व्यवस्था हा निराळाच आणि रम्य विषय आहे, त्याला वेगळं पुस्तक हवं. गॅसच्या जोडणीबद्दल आणि ज्वालेच्या समायोजनाबद्दल इथे एक ओळही नाही. ब्रिटनमध्ये ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसानंच करायचं असा कायदा आहे, इतर देशांतही असेच नियम आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाण्याच्या बाजूचं ज्ञान असलं म्हणून बॉयलरचं झाकण उघडू नये.

शब्दांच्या बाबतीत मी कारागिराच्या तोंडचे शब्द ठेवले आहेत. बॉयलर, रेडिएटर, व्हॉल्व्ह, गेज, हेड हे तसेच. जिथे मराठी शब्द सहज बसला तिथे तो घेतला. सूत्रं दशमान एककांत आहेत. अमेरिकेत काम करणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पौंड, गॅलन आणि फॅरनहाइट यांतली तीच उदाहरणं सोडवून दाखवली आहेत.

पहिलं प्रकरण उष्णतेच्या गळतीचं आहे. ते वाचायला बसताना स्वतःच्या राहत्या खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि खिडक्यांची मापं घेऊन बसावं. पुण्यात राहणाऱ्यानं बाहेरचं तापमान उणे पाच धरावं आणि आपल्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून किती उष्णता निघून जाईल ते काढावं. दुसऱ्या प्रकरणातला रेडिएटर त्याच खोलीत बसवायचा आहे.